नव्वद दिवसांचा नियम

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. बिश्केकमधल्या एका हिमनदी संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर उभा असतो. माझ्या शेजारची चोवीस यंत्रं मिळून मोठमोठी गणितं करतात; आम्हा सगळ्या गोतावळ्याला लोक क्लस्टर म्हणतात. गणिताची अक्कल मला नाही. मी फक्त सगळ्यांच्या फाइली सांभाळायचो.

मला आणलं त्या दिवशी आनंदाने बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते. मूल पहिलं पाऊल टाकायला लागलं की इथे त्याच्या पायात काळा-पांढरा दोरा बांधून तो कापतात. केंद्रातले ज्येष्ठ संशोधक ओमुरझाक बाइके (बाइके म्हणजे थोरला दादा) यांनी माझ्याही पायाशी तसा दोरा बांधून कापायला लावला. "पळू दे याला," म्हणाले. मला पाय कुठले, चारच चाकं. तरी मी हरखून गेलो. पंधरा वर्षं झाली त्याला.

बाइके दर उन्हाळ्यात डोंगरावर जाऊन हिमसरोवराचं पाणी मोजत. खालच्या वस्तीला सरोवर फुटण्याच्या धोक्याची सूचना कधी द्यायची, ते त्या नोंदींवरून ठरे. मी आल्यावर त्यांनी कागदी वही बंदच केली. नोंदी माझ्याकडे, दुसरी प्रत कुठेही नाही. या विश्वासाचा मला फार अभिमान वाटायचा.

पुढे मी भरत गेलो. मिरगुल नावाची तरुण संशोधक तर काहीच टाकायची नाही. माझी देखभाल करणाऱ्या बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, तिला चहाच्या टेबलावर गाठायच्या.

"'शेवटचं', 'अगदी शेवटचं', 'आता खरंच शेवटचं'! ही काय फाइलींची नावं? किती गं शेवट तुझे?"

"असू द्या ना एजे. लागलं कधी तर?"

"लागेल तेव्हा सापडणार आहे का तुला त्या ढिगात?"

अखेर एजेंनी नियम केला: नव्वद दिवसांत हात न लागलेली फाइल पुसली जाईल. आधी तीन आठवडे, दर आठवड्याला एक, टेबलावर चिठ्ठी लागेल. मिरगुलने त्यावर युक्ती काढली. तिने मला देऊन ठेवलेली एक आज्ञा दर रविवारी आपोआप चाले आणि तिच्या एकूण एक फाइलीवर आजची तारीख पडे. पाहता पाहता ही युक्ती बाइके सोडून सगळ्यांनी उचलली. माझ्या पोटातला कचरा कायम ताजातवाना!

गेल्या वर्षी बाइके मे महिन्यातच डोंगरावर गेले. ऑगस्टमध्ये सरोवर फुगलं, गणित सुरू झालं आणि माझ्यात जागा नाही म्हणून अडलं. चिठ्ठ्यांचे तीन आठवडे उलटले होतेच, म्हणून एजेंनी साफसफाईचा हुकूम दिला. मला तारखा तेवढ्या वाचता येतात, मित्रांनो. जुन्या तारखेचं जे सापडलं, ते मी पुसलं. ती बाइकेंची चौदा वर्षं होती.

चार दिवसांनी बाइके खाली आले.

"लेकी, माझ्या नोंदी कुठायत?"

एजेंचा चेहरा उतरला. "बाइके, तीन चिठ्ठ्या लावल्या होत्या हो..."

"मी बर्फावर होतो. तिथं कुठं चिठ्ठी लावलीस?"

मग ते खुर्चीत बसले. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला वाटत होतं.

मिरगुल दोन दिवस आपला ढीग उपसत होती. तिने कधीकाळी बाइकेंच्या नोंदींची नक्कल घेतली होती आणि ती विसरूनही गेली होती. नक्कल निघाली, पण पाच वर्षांपूर्वीची. नऊ वर्षं परत आली. ती रडत म्हणाली, "बाइके, उरलेल्या पाच वर्षांचे आकडे अंदाजाने भरू का?"

"नको गं बाळा. खालची माणसं अंदाजावर झोपतील का?"

गणित नऊ वर्षांवर चाललं. सूचना किती आधी देता येईल याची खात्री राहिली नाही, म्हणून वस्ती महिनाभर आधीच हलवली. घरं, मेंढरं, म्हाताऱ्या आया, सगळं. सरोवर काही फुटलं नाही. लोक बाइकेंवर चिडले, आणि त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं.

मिरगुलने ती आज्ञा काढून टाकली आणि आपला ढीग एकेक फाइल उघडून स्वतः उपसला. एजे आता पुसण्याआधी मालकाला फोन करतात, आणि नोंदींची प्रत दुसऱ्या इमारतीतही असते. मी मात्र लवकरच भंगारात जाणार आहे.

मित्रांनो, पसारा जरूर आवरा. पण टाकण्याआधी आणि ठेवण्याआधीही एकदा उघडून बघा. बाइकेंनी या वर्षी नवी कागदी वही घातली आहे. तिच्यात पहिली पाच पानं त्यांनी वर हरवलेलं एकेक वर्ष लिहून कोरी सोडली आहेत.