सेजलच्या दाढा

सेजलचं लग्न ठरलं ते एका अटीवर. पेडण्याहून मुलाची आई प्रभावतीकाकू मुलगी बघायला डिचोलीला आल्या आणि उठताना म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे. दात तेवढे पुढे आहेत, ते लग्नाआधी मागे घ्या." सेजलचे वडील गुरुदास आणि आई यशोदा, दोघांनी मान डोलावली. सेजल चहाचे कप उचलत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

पणजीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढचे दात मागे न्यायला जागाच नाही. आधी वरच्या दाढा मागे सरकवू." त्यांनी टाळूला प्लास्टिकची एक चकती चिकटवली. तिच्यातून निघालेल्या दोन स्प्रिंगा रात्रंदिवस दाढांना मागे रेटत राहायच्या. "हे तुम्हाला काढता येणार नाही. मीच काढीन," बाई म्हणाल्या.

चकतीखाली भात अडकायचा. जीभ सोलवटली. कडक कवचाचा उंडा पाव चहात भिजवल्याशिवाय खाता येईना. सेजल प्राथमिक शाळेत शिकवायची. कविता म्हणायला लागली की मुलं म्हणायची, "बाई, परत सांगा." तोंडात सतत दुसऱ्याच कुणाचं तरी बोट घातल्यासारखं वाटायचं. आईला सांगितलं तर ती म्हणायची, "थोडं सोस गो. तुझ्याच भल्याचं आहे."

साखरपुडा झाल्यावर प्रभावतीकाकूंनी तिला आणि गुरुदासना एका रविवारी जेवायला बोलावलं. जेवणं झाली, शेजारच्या बायका जमल्या. काकूंनी मोबाइलची बॅटरी लावली.

"आ कर बघू. कुठपर्यंत आलंय?"

सेजलने आ केला. बायका एकेक करून वाकल्या. "तार दिसते बघ." "अजून पुढेच आहेत की!" लाळ हनुवटीवर आली तरी काकूंनी हनुवटी सोडली नाही. सेजलने डोळे मिटले. हे आता जन्मभर चालणार, एवढंच तिच्या मनात आलं.

नंतर ती ओसरीवर परेशजवळ गेली. त्याच्याशीच तिचं लग्न ठरलं होतं.

"मला हे लग्न नको," ती म्हणाली.

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं. ल आणि न चकतीला अडखळून जाड झाले. परेश हसला. "काही कळत नाही बघ. ते निघालं की बोलू सावकाश." आणि तो मोबाइल बघत आत गेला.

परतताना वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून तिने तेच वाक्य त्यांच्या पाठीला सांगितलं. तिला वाटलं, वाऱ्यात तेही गेलं. पण गुरुदासनी स्कूटर कडेला घेतली. तिचं जड बोलणं त्यांच्या कानाला सवयीचं झालं होतं.

"कळलं मला," ते म्हणाले. "मघाशी तिथे मी गप्प बसलो. बसायला नको होतं." मग त्यांनी स्कूटर उलटी वळवली.

काकू आता ओसरीवर बसल्या होत्या. "पोरीला हे लग्न नको," गुरुदास म्हणाले.

"मग एवढा खटाटोप कशाला केला?" काकू तडकल्या. परेश बाहेर येत म्हणाला, "ती मला काही बोललीच नाही."

"बोलले होते," सेजल म्हणाली. ते मात्र सगळ्यांना कळलं.

पुढच्याच आठवड्यात ती पणजीला गेली आणि चकती काढा म्हणाली. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "दाढा आत्ता कुठे सरकल्यात. सोडलं तर परत पुढे येतील, सगळं फुकट जाईल. तुम्हाला स्वतःसाठी नकोत का सरळ दात?"

"पुढे कधीतरी बघू. हे कुणी मला विचारून लावलेलं नाही."

बाईंनी चकती काढली. टाळू लाल झाला होता, नुसती जीभ लागली तरी चुरचुरत होता. बसमध्ये ती तोंड मिटून बसली.

घरी यशोदा भात वाढत होती. लग्न मोडल्यापासून ती लेकीशी धड बोलली नव्हती. तिने सेजलच्या तोंडाकडे पाहिलं, ताट जरा जोरात ठेवलं.

"आता कोण करून घेणार तुला?"

सेजलने हात धुतले आणि ती जेवायला बसली.