रामोच्या नावाचा हज

हजहून परतलेला झुहदी खजुराचा डबा घेऊन थेट शेफिकाच्या घरी आला. त्राव्निक शहरातल्या सहल कंपनीचा तो वाटाड्या आणि बदलीचा हाजीही, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्या कुणा एकाच्याच नावाने हज करणारा. शेफिकाचा नवरा रामो हज न करताच गेला. त्याच्या नावाने हज व्हावा म्हणून तिने प्लमची बाग विकून याला पाठवलं होतं.

"अराफातच्या मैदानात उभा राहिलो काकू, आणि म्हटलं, अल्ला, हा हज यांच्या वडिलांचा..."

"वडिलांचा?"

"रामोकाकांचा हो! दमलोय, जीभ घसरते."

शेफिकाने कॉफी ओतली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दमलेला माणूस अडखळतो. हा तर पाठ केलेलं घडाघडा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तिने सहल कंपन्यांवरचा सरकारी तपासनीस गाठला.

"परवाना आहे त्यांचा," तो म्हणाला. "बस आली नाही, हॉटेल लांबचं दिलं, तर कंपनीच्या नाकात वेसण घालतो. पण त्याने मनात कुणाचं नाव घेतलं, ते कुठल्या कलमात बसवू?"

"म्हणजे हॉटेलचा जाब विचारायचा आणि हजचा नाही? वा रे तुझा कायदा!"

बाजारात वरच्या गावची देवलेता भेटली, अगदी खुशीत. "उद्या ये हं, बक्लावा करतेय. बाबांचा बदली हज झाला, हाजी येतोय दुआ करायला."

शेफिकाला झुहदीच्या तोंडून निसटलेलं 'वडिलांचा' आठवलं. हाजीचं नाव विचारायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी देवलेताच्या दारात बूट काढत होता तो झुहदीच. शेफिकाने त्याला लाकडांच्या ढिगामागे ओढलं.

"एका दगडात किती पक्षी मारलेस रे? अराफातवर नाव कुणाचं घेतलंस? रामोचं, की हिच्या बापाचं?"

त्याने आधी परवान्याचं तुणतुणं वाजवलं. ती हलेना, तसा त्याचा चेहरा उतरला.

"कुणाचंच नाही. दोघांची घ्यायचं ठरवलं होतं. पण तिथे उभा राहिलो आणि आईच आठवली. जन्मभर लोकांचे जिने पुसले तिने. तिला कोण पाठवणार होतं? तिच्याच नावाने केला."

शेफिकाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच्या आईची कीवही आली. कीव आली याचाच तिला जास्त राग आला. रामो शेवटपर्यंत हजचंच बोलत होता, आणि त्याची झोळी रिकामी ती रिकामीच.

"या हो हाजीसाहेब, कॉफी निवतेय!" आतून देवलेताची हाक आली.

"चल आत," शेफिका म्हणाली. "सगळ्यांसमोर आईचं नाव घे."

"नको काकू. मन मोडेल हो देवलेताचं."

"माझं मोडायची वेळ होती, तेव्हा मजेत कॉफी पीत बसला होतास," असं म्हणून तिने दार ढकललं.