काठी म्हणून नेलेला गज

टर्र! कोरा मांजरपाट फाटल्याचा आवाज. दुकानात आल्यावर मी पहिल्यांदा ऐकला तो हाच. मी दुर्गदबैलाच्या बाजारातल्या कापडदुकानातला लोखंडी गज बोलतोय. माप मीटरचं, पण सगळे मला गजच म्हणतात.

दुकान भीमरावअण्णांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, आनंदांचं. कापड मोजलं की दोघंही वर चार बोटं सोडत, मगच फाडत. पंचाण्णव साली आनंदा गेले. घरानं सांगितलं, मुतखड्यानं गेले. अवघड जागेचं दुखणं, त्यात मुलींच्या सोयरिकी जुळायच्या होत्या. त्यांच्या मुलाला, मुकुललाही तेच सांगितलं.

पुढं काही वर्षांनी अण्णा सारखे मोरीकडं जाऊ लागले. मुकुल हसायचा, "काका, गिऱ्हाईक इकडं आहे, तिकडं नाही!" मग एके दिवशी लघवीत रक्त दिसलं. अण्णांच्या बायकोनं, लीलाकाकूंनी, रिक्षा बोलावली. घाईत अण्णांनी काठी म्हणून मलाच धरलं.

"बर्री अण्णा, या या," डॉक्टर म्हणाले, "दाखवायला आलात की मोजायला?" तपासून त्यांनी विचारलं, "घरात कुणाला असलं काही?"

"भावाला. मुतखडा."

"अहो, इथं तरी खरं सांगा!" काकू म्हणाल्या. "खडा कसला? प्रोस्टेटचा कॅन्सर होता भावजींना."

मुकुल शेजारीच उभा होता. त्यानं वळून अण्णांकडं पाहिलं; अण्णा माझ्यावरचे आकडे बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, "ही ग्रंथी पुरुषाच्या हार्मोनवर पोसते. तिनं त्याचं किती ऐकायचं, हे जनुकं ठरवतात, आणि ती आईबापांकडून येतात. काही घरांत त्यामुळंच कॅन्सरची गाठ फोफावते. भावाचं कळलं, बरं झालं. तुमच्या ग्रंथीचा तुकडा काढून तपासू. हा कोण?"

"भावजींचाच मुलगा."

"मग चाळिशी आली की तूही तपासून घेत जा, बाबा."

त्यानंतर मुकुल काकांशी बोलेनाच. अण्णा माझ्यानंच मोजायचे आणि उठताबसता मलाच टेकायचे.

मग निकाल आला. कॅन्सर नाही. वयानं वाढलेली ग्रंथी, गोळ्यांनी आवरेल. काकू दुकानाच्या पायरीवरच बसल्या आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. अण्णांनी त्या दिवशी एका बाईला चार बोटांऐवजी चांगलं हातभर कापड जास्त दिलं.

आता तयार कपड्यांचे दिवस आले. मी खिळ्याला गंजत लटकतो. तक्रार नाही. मागणं एवढंच, की कापड झाकून ठेवा, दुखणं ठेवू नका.

या खिळ्यावर मी आलो तो निकाल आला त्याच संध्याकाळी. मुकुल बाजारातून सागवानी काठी घेऊन आला. अण्णांच्या हातातून मला सोडवून त्यानं इथं टांगलं, काठी त्यांच्या मुठीत दिली, मूठ क्षणभर दाबून धरली, आणि 'येतो काका' म्हणून पायऱ्या उतरून गेला.