न झालेल्या कुस्तीची हलगी

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. यात माझा काही दोष नाही. जाळावर धरल्याशिवाय माझं कातडं ताणत नाही, आणि ताणल्याशिवाय माझ्या तोंडून आवाज फुटत नाही. थंड हलगी वाजवून बघा एकदा, भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं भद्द वाजतं. तेव्हा मी मध्येच चिडले तर वाईट वाटून घेऊ नका. मला जे सांगायचंय ते चिडल्याशिवाय सांगताच येत नाही.

माझं कडं लोखंडाचं आणि कातडं बोकडाचं. सुप्याजवळच्या आमच्या गावात गोरक्षच्या वडिलांनी मला मढवलं. ते थकल्यावर गोरक्षनं मला गळ्यात अडकवलं, एका हातात जाडसर टिपरू घेतलं, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि आम्ही जिल्हाभर हिंडलो. लग्नात वाजलो, पोळ्याला वाजलो, निवडणुकीच्या गुलालातही वाजलो. पण खरं सांगू? माझा जीव रमायचा तो हगाम्यात. हगामा म्हणजे जत्रेच्या कुस्त्या. दुपारी रेवड्यांच्या बक्षिसावर बारकी पोरं लागतात आणि दिवस कलताना मोठे पैलवान उतरतात. मोठा गडी मैदानात आणायचा तो माझ्याच मागोमाग. मी पुढं कडकडत जायचं, तो मागून दंड थोपटत यायचा. दोघांनी हात मिळवून सलामी दिली की माझा ठेका बदलायचा. लोक म्हणायचे, हलगी घुमली की म्हाताऱ्याच्याही मांड्या फुरफुरतात.

रविराजची रेवड्यांवरची पहिली कुस्ती मीच वाजवली. तो आमच्याच गावचा, छबूबाईचा एकुलता एक. पुढं तो नगरला अब्दुल वस्तादांच्या तालमीत गेला. तिथंच संगमनेरकडचा ओंकार त्याला भेटला. दोघं एका ताटात जेवायचे आणि एकाच वळकटीवर झोपायचे. रोज संध्याकाळी एकमेकांना धरायचे. पण वस्ताद मोठे खोडकर. दोघांची झोंबाझोंबी ऐन रंगात आली की मध्ये हात घालून सोडवायचे आणि म्हणायचे, "बस करो रे. याचा निकाल मैदानात लागंल."

त्यामुळं दोघांत भारी कोण हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

वस्ताद गेले आणि तालमीला कुलूप लागलं. रवीला एका दादांनी उचललं, त्यांचं साखर कारखान्यात वजन होतं. ओंकारला एका अण्णांनी नेलं, ते दूधसंघातले पुढारी. दूध, तूप, बदाम, फिरायला गाडी, सगळं त्यांचंच. दोन्ही गडी असे तयार झाले की विचारू नका! रवी सगळीकडं जिंकायचा आणि ओंकारही सगळीकडं जिंकायचा. मग एसटीत, चहाच्या टपरीवर, मोबाईलवर, जिथं बघावं तिथं एकच वाद. रवी का ओंकार?

अहो, मग लावा की कुस्ती! दोन माणसं आणि हौदाभर माती, एवढंच तर लागतं. मी तर केव्हाची तयार होते.

पण छे. दादा म्हणाले, आमचा गडी मातीवर खेळंल. अण्णा म्हणाले, आमचा मॅटवर. मातीवर एकमत व्हायला एक जत्रा गेली. मग वजनावरून अडलं, मग पंच कुणाकडचा यावरून अडलं. एका वर्षी तर फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा यावरून बिनसलं. माणसं टेप घेऊन फोटो मोजत होती हो, मी डोळ्यांनी पाहिलंय!

खरं कारण वेगळंच होतं. मी गोरक्षच्या खांद्याला लटकलेली असायचे, त्यामुळं बैठकीत काय बोलतात ते मला ऐकू यायचं. दोन्हीकडं एकच वाक्य चालायचं, "गडी जपायचाय." न हरलेला गडी वाढदिवसाला स्टेजवर बसवता येतो, सभेत मिरवता येतो. तो एकदा पडला की त्याच्या शेजारी कोण उभं राहणार? म्हणून दोघं आपापला पैलवान जपत होते, काचेच्या बरणीसारखा.

एकदा रवी गोरक्षच्या ओट्यावर बसून ओंकारशी फोनवर बोलत होता. आवाज मोठा ठेवला होता.

"रव्या, आपुन दोघंच धरू की. कुनाला सांगायचं न्हाई."

"आन दादांना कळलं म्हंजी?"

"मला तर अन्ना दारात बी हुभं करनार न्हाईत."

दोघं हसले. मग रवी म्हणाला, "ओंक्या, तुला काय वाटतं रं, कोन पडंल?" तिकडून उत्तर आलं, "लई वाटतं रं बघावं." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

शेवटी गेल्या वर्षीच्या जत्रेत आमच्या गावच्या पंचांनी दोन्हीकडं पाया पडून जमवून आणलं. शेवटची कुस्ती, रविराज विरुद्ध ओंकार! काय ती गर्दी! श्रीरामपूरहून, संगमनेरहून टेम्पो भरभरून आले. लिंबाच्या झाडावर माणसं, पत्र्याच्या शेडवर माणसं. गोरक्षनं उसाच्या पाचटाचा जाळ केला आणि मला असं तापवलं की नुसतं बोट लागलं तरी मी ठणकत होते. उत्तरेच्या कडेला दादांच्या गाडीत रवी, दक्षिणेच्या कडेला अण्णांच्या गाडीत ओंकार. दोघांनी लंगोट कसलेले.

आणि तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "हलगी आधी कुनाकडं जानार?"

आमच्याकडं आधी उतरतो तो कुस्ती मागणारा समजतात आणि नंतर येतो तो देणारा. मागणारा लहान, देणारा मोठा. झालं! दादा म्हणाले, आमचा आधी उतरणार नाही. अण्णा म्हणाले, मग आमचाही नाही. गोरक्ष मला घेऊन मैदानाच्या मधोमध उभा. उत्तरेला पाऊल टाकलं की दक्षिणेकडून आरडाओरडा, दक्षिणेला टाकलं की उत्तरेकडून. एक शहाणा म्हणाला, दुसरी हलगी आणा आणि दोघांना एकदमच उतरवा. दुसरी आणली. तर म्हणे, जुनी कुणाच्या पुढं आणि नवी कुणाच्या पुढं?

मी थंड पडायचे आणि गोरक्ष मला परत जाळावर धरायचा. परत थंड, परत जाळ. शेवटी माझं कातडं कडेला तडकलं. मी किंचाळले, पण त्या गोंधळात हलगीचं कोण ऐकतंय!

गाडीच्या काचेतून रवी समोर बघत होता. पलीकडच्या काचेतून ओंकार बघत होता. दिवस मावळला. पंचांनी हात जोडले आणि मैदान संपल्याचं सांगितलं. गाड्या वळल्या, दोन दिशांना गेल्या. पब्लिकनं शिव्या घातल्या आणि तेही घरी गेलं. गोरक्ष तिथंच मातीत बसला आणि माझ्यावर डोकं टेकून रडला.

मग दादांना वाटलं, आपला गडी भ्याला असं लोक म्हणतील. म्हणून घाईघाईनं दुसऱ्या गावच्या हगाम्यात रवीला एका परक्या गड्याशी लावलं. साधीच कुस्ती होती. रवीनं त्याला उचलून चीत केलंही, पण तोल जाऊन त्याच्यावरून स्वतः मानेवर आपटला. कुस्ती रवीनंच मारली. मानेखालचं शरीर मात्र त्यानंतर हललं नाही.

दादांनी चौकात फ्लेक्स लावला, 'अजिंक्य पैलवान रविराज'. मला बोलता आलं असतं ना, तर त्या फ्लेक्सच्या चिंध्या होईपर्यंत बोलले असते.

ओंकार आला तो एकटा, एसटीनं. रवी खाटेवर होता आणि गोरक्ष त्याच्या उशाशी बसला होता. मी खुंटीवर होते. छबूबाई दारातच आडवी उभी राहिली.

"आता आलास व्हय रं?"

"काकू, तवा मला मैदानात उतरू दिलं न्हाई त्यांनी."

"पाय तर तुजेच हुते की!"

ओंकारनं मान खाली घातली. एवढा मोठा गडी, पण त्याचे खांदे गदगद हलत होते. तेव्हा आतून रवी म्हणाला, "आये, माजे बी हुते."

छबूबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती बाजूला झाली.

रवी गोरक्षला म्हणाला, "काका, वाजवा की वाईच." गोरक्षनं मला खाली घेतलं, चुलीच्या विस्तवावर धरलं आणि सलामीचा ठेका धरला. माझा आवाज फाटका येत होता, तरी मी जीव तोडून वाजले. ओंकारनं रवीचा हात उचलून आपल्या हातात घेतला. ओंकारनं पंजा आवळला. रवीचा हात तसाच होता. मग ओंकारला काय वाटलं कोण जाणे, तो खाटेशेजारी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाठ टेकून उताणा झाला. पूर्ण चीत! आणि वर बघत म्हणाला, "रव्या, तू मारलीस. मी पडलो बघ."

रवीचा चेहरा लालबुंद झाला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या.

"ऊठ! ऊठ आदी! अशी न्हाई पायजे मला. ऊठ, ओंक्या!"

गोरक्षच्या हातातलं टिपरू थांबलं. ओंकार उठला नाही. तो तसाच जमिनीवर पडून लहान पोरासारखा रडत राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा वेळी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी नाही सांगणार. मला काचेच्या कपाटात ठेवू नका, हार घालू नका. जपणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. तुमचा कुणी जोडीदार असेल, त्याच्याशी खेळावंसं वाटत असेल, तर मोठी माणसं ठरवतील म्हणून थांबू नका. आधी कोण उतरलं हे मातीला कळत नाही. तुम्ही उतरा आणि मला हाक मारा, मी फाटक्या आवाजात का होईना, येईन. तुमच्यातला एक जण पडेल, पडू द्या त्याला. इतक्या वर्षांत मी किती पैलवान चीत झालेले पाहिले, आणि ते सगळे माती झटकून उठले. आमचा रवी तेवढा कधीच पडला नाही.