पेशीगुरूची पांढरी पट्टी

"सूज शून्य!" पेशीगुरूने हात उंचावला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी काठी टेकत आलं होतं, कुणी चाकाच्या खुर्चीतून. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या दोन काचेच्या बश्यांवर खिळले होते.

गुरूच्या अंगात पांढरा डगला, हातात रबरी मोजे. धूप नाही, अंगारा नाही. हल्लीचे चमत्कार स्वच्छ धुतलेल्या हातांनी होतात.

"दोन्ही बश्यांत जिवंत पेशी!" गुरू सांगत होता. "सकाळी दोन्हींना सूज आणणारं द्रव्य दिलं. उजवीत माझ्या रानवेलीचा रसही घातला. डावीत बुडवलेली तपासणीची पट्टी लाल, म्हणजे सूज. उजवीतली पांढरीशुभ्र! मोठमोठ्या कंपन्यांना जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते माझ्या वेलीने एका सकाळीत केलं. आजपासून गोळ्या केराच्या टोपलीत!"

तिसऱ्या रांगेतली तरुण आई पुढे झुकून बघू लागली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मांडीवर सात वर्षांची लेक होती. तिची बोटं सकाळी इतकी सुजायची की पेन्सिल धरवत नसे. डॉक्टरांच्या औषधाने ती पुन्हा लिहू लागली होती, पण औषधाच्या दिवशी पोर ओकायची आणि आजीला ते बघवत नसे. म्हणून तर सासूबाईंनी आल्या आल्या रसाची बाटली घेतली होती.

"आजपासून तिचं ते औषध बंद," सासूबाई कुजबुजल्या. "डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं, आई. पण काय दाखवलं नाही, तेही बघितलं. डावी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पडद्यावर दाखवली. उजवी नाही. त्याच्या व्हिडिओंतही कधीच नाही. उजवीची वेळ आली की नुसती पट्टी नाचवतो."

"तुला मेलीला सगळीकडे खोटच दिसते. काल दुधाचा किती वेळा वास घेतलास!"

"नासलं होतं ना पण?"

सासूबाईंनी नाक मुरडलं. ती लेकीला त्यांच्याजवळ देऊन उठली.

"सर, उजवी बशी पडद्यावर दाखवा ना."

गुरू मधाळ हसला. "ताई, पट्टी बोलली. आता पेशींना आराम करू द्या."

"मग हा निळा रंग दोन्हींत थेंब थेंब घालू द्या. कॉलेजातून आणलाय. जिवंत पेशी हा रंग आत शिरू देत नाही. मेलेल्या पेशीचं दार उघडंच, ती निळी होते."

"विज्ञानातही श्रद्धा लागते, ताई."

"घालू द्या की!" मागून एक म्हातारा गवंडी ओरडला. "थेंबभर रंगाने वेल वाळते होय?"

हशा पिकला. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

डावी बशी पडद्यावर आली. गोल, चकचकीत पेशी, त्यांत एखादीच निळी. मग उजवी. पडदाभर निळंच निळं. एकही पेशी चमकत नव्हती.

"अगं, हे काय?" सासूबाई उभ्या राहिल्या.

"मेल्यात सगळ्या. मेलेल्याला सूज येत नाही, आई. साबणाचं पाणी घातलं असतं तरी पट्टी पांढरीच राहिली असती. घर जाळलं की ढेकूण जातात, म्हणून आगीला कुणी ढेकणांचं औषध म्हणत नाही."

"रस पाणी घालून प्यायचा असतो!" गुरू गरजला.

"मग पाणी घातलेल्या रसाची बशी दाखवा. पेशी जिवंत आणि पट्टी पांढरी, एकाच बशीत. आहे?"

"ती... आज आणली नाही."

"केलीत तरी कधी?"

मोजे ओरबाडून काढत गुरू फणकारला, "शंकेखोर आईच्या लेकराला गुण येत नाही!"

घाव वर्मी लागला. तिचा आवाज चढला. "लेकराच्या घशात काय जातंय हे विचारणं शंका असेल, तर मी मरेपर्यंत शंका घेईन!"

ती लोकांकडे वळली. "झाडांत औषध असतं, मी नाही म्हणत नाही. कितीतरी औषधं झाडांतूनच आलीत. पण एका रसात शेकडो द्रव्यं असतात. त्यातलं कामाचं वेगळं काढायचं, किती द्यायचं ते ठरवायचं, ते जिवंतांना मारत नाही ना हे बघायचं, मग माणसांवर जपून तपासायचं. यात वर्षं जातात, आणि बहुतेक वेली नापास होतात. कुणी एका सकाळीत वेल पास करून दाखवली, तर विचारा, सूज गेली, पण जीव राहिला का? उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका. भोळेपणाची किंमत आपण नाही, आपली पोरं मोजतात."

टाळ्या वाजल्या नाहीत. काही खुर्च्या तेवढ्या सरकल्या.

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. "सूनबाई, त्या ओकारीचं डॉक्टरांना विचारू या. काहीतरी इलाज असेल ना?"

"विचारू, आई. उद्याच."

नातीचा हात धरून त्या दाराकडे निघाल्या. तिथे एक बाई बाटलीसाठी पैसे पुढे करत होती. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "आधी तो पडदा बघ."