सहाही देशांचा होकार

रविवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बर दुबईतल्या एका हॉटेलच्या सभागृहात आखाती मराठी महासंघाचं सात वर्षांचं सुधारित अंदाजपत्रक एकमताने मंजूर झालं. सहा देशांचे सहा हात वर गेले. अमिरातीचा हात ॲल्फ्रेड तुस्कानोचा होता, आणि तो सगळ्यांत आधी वर गेला होता.

ॲल्फ्रेड मूळचा वसईचा. अबुधाबीत एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये त्याने वीस वर्षं काढली होती आणि गेली चार वर्षं तो महासंघाचा खजिनदार होता. सात वर्षांचा मूळ आराखडा त्यानेच केलेला. तो सगळा प्रायोजकांच्या भरवशावर उभा होता. तिसऱ्या वर्षी बडे प्रायोजक गळाले आणि मदतनिधीवरचा खर्च मात्र दुप्पट झाला. मधल्या टप्प्यावर फेररचना करणं भाग होतं, आणि घटनेप्रमाणे तिला सहाही देशांचा होकार हवा होता. त्यापायी आधीच्या दोन बैठका फिसकटल्या होत्या.

घोडं अडलं होतं उत्पन्नाच्या नव्या मार्गावर. प्रत्येक देशाने सदस्यसंख्येप्रमाणे दरडोई वर्गणी भरावी, हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न एवढाच होता की मोजायचं कोणाला. अमिरातीचे सदस्य एकेचाळीसशे, आणि त्यातले एकोणीसशे अल क्वोजच्या कामगार वसाहतींमधले. गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि मोबाइल नंबर अमिरातीच्या मंडळाचे कार्यकर्ते उतरवून घेत. वर्गणी कोणी मागत नसे. महासंघाचं अध्यक्षपद सदस्यसंख्येवर ठरायचं, त्यामुळे ही नावं फार कामाला आली होती.

ओमानचा प्रतिनिधी तय्यब मुकादम नेमका त्यावरच बोट ठेवून बसला होता.

"ॲल्फ्रेडभाई, खुर्चीसाठी मोजलीत तेव्हा माणसं एकेचाळीसशे. आता बिल आलंय, तर किती?"

"तय्यबभाई, ते सगळे आपलेच लोक आहेत."

"आपलेच आहेत ना? मग भरा त्यांचे पैसे. हबीबी, वरणभात वाढला म्हणून माणूस मेंबर होतो काय? मग मीपण मस्कतला बिर्याणी ठेवतो. बघा दहा हजार मेंबर होतात की नाही!"

सगळे हसले. ॲल्फ्रेडही हसला. त्याने तोडगा आणलाच होता आणि तो एका ओळीचा होता: ज्याने त्या वर्षाची वर्गणी स्वतः भरली, तोच सदस्य. या ओळीने अमिरातीची संख्या बावीसशेवर यायची, बिल जवळजवळ निम्मं व्हायचं आणि तय्यबचं तोंडही बंद व्हायचं. मदतनिधीतून मदत फक्त सदस्यालाच, हा नियम जुनाच होता. त्यामुळे आधी आलेले अर्ज अडू नयेत म्हणून ओळीच्या शेवटी ॲल्फ्रेडने 'पुढील जानेवारीपासून' असं मुद्दाम लिहिलं होतं.

तय्यबने ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "खलास. आम्हाला मंजूर."

तेवढ्यात कतारच्या रंजिता सामंत म्हणाल्या, "पण जानेवारीची वाट कशाला? फंड आत्ता रिकामा आहे. इमिजिएट इफेक्टने करा ना."

अध्यक्ष मनोरमाताई अमिरातीच्याच. त्यांनी ॲल्फ्रेडकडे पाहिलं. "खजिनदार, चालेल?"

ॲल्फ्रेडच्या बॅगेत रोशन पड्याळचा अर्ज होता. रोशन माणगावचा, अल क्वोजच्या खोल्यांमध्ये राहणारा, वर्गणी न भरलेला, वय एकतीस. साइटवर काम करताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि उजवी बाजू गेली. कंपनी बंद पडलेली, मालक फोन उचलत नव्हता. त्याला गावी न्यायचं तर विमानात स्ट्रेचर हवं होतं, आणि स्ट्रेचरसाठी सीटांची एक रांगच विकत घ्यावी लागते. बावीस हजार दिरहॅम, म्हणजे सव्वापाच लाख रुपये. पंधरा दिवसांपूर्वी ॲल्फ्रेड स्वतः त्याला बघायला हॉस्पिटलमध्ये गेला होता. "अर्ज द्या, मी बघतो," असं रोशनच्या खाटेशी उभं राहून तोच म्हणाला होता.

आता तोंड उघडलं असतं तर चर्चा पुन्हा सुरू झाली असती. तय्यबने पुन्हा माणसं मोजायला घेतली असती आणि ही बैठकही फिसकटली असती. हे सगळं ॲल्फ्रेडच्या डोक्यात होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्याला नंतर जास्त बोचली: जमत आलेलं काम आपल्या हातून जमावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"हरकत नाही," तो म्हणाला.

हात वर गेले. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबता थांबता दाराबाहेरच्या पॅसेजमधून दुसऱ्या टाळ्या ऐकू आल्या.

बाहेर अल क्वोजची मुलं होती. रविवारची सुट्टी म्हणून पाहुण्यांच्या स्वागताला ढोल घेऊन सकाळी आली होती आणि खुर्च्याही त्यांनीच मांडल्या होत्या. ॲल्फ्रेड बाहेर आला तसा दगडू शिगवण पुढे झाला. दगडू इमारतींच्या परांच्या बांधणारा, रोशनचा खोलीतला जोडीदार. अर्ज त्यानेच भरून आणला होता.

"जमलं ना साहेब? आत टाळ्या वाजल्या, तवा आमीपण वाजवल्या."

"हो. जमलं."

"मी बोललो होतो यांना, ॲल्फ्रेडसाहेब आहेत म्हणजे होनार. आता रोशनचं पण लवकर होईल, नाय का? फंडाचंच होतं ना आजचं?"

मागे उभी असलेली पोरं हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत होती. एकाच्या गळ्यात अजून ढोल होता.

"प्रोसेसमध्ये आहे," ॲल्फ्रेड म्हणाला. दगडूचं समाधान झालेलं दिसेना, म्हणून त्याने पुढे जोडलं, "होईल, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला, साहेब," दगडू म्हणाला आणि वळून पोरांना ओरडला, "यल्ला, जेवनाची टेबलं लावा रे!"

खोटं बोलायला तोही शब्द वापरला आपण, असं ॲल्फ्रेडच्या मनात आलं. त्याने मनोरमाताईंना जिन्यापाशी गाठलं.

"ताई, एक केस आहे. आधी आलेला अर्ज आहे. अपवाद करता येईल?"

"कोणाची?"

त्याने सांगितलं. मनोरमाताईंनी डोळे मिटून कपाळ चोळलं. "ॲल्फ्रेड, हे तू आत का नाही बोललास?"

त्याने बॅगेतून अर्ज काढून त्यांच्यापुढे धरला.

"आता अपवाद म्हणजे अंदाजपत्रकात दुरुस्ती. म्हणजे पुन्हा सहा देश. कुवेतच्याही अशा केसेस आहेत, ते गप्प बसतील? लिही पत्र सगळ्यांना. मी अडवणार नाही. पण ती ओळ तुझी आहे, हे विसरू नकोस."

जेवायला तो थांबला नाही. जिन्याने उतरून मागच्या दाराने तो पार्किंगकडे गेला. तिथून पॅसेज लागत नव्हता.

अबुधाबीत अल रीम आयलंडला घरी पोचल्यावर त्याने इनेजला, बायकोला, सगळं सांगितलं. पण सांगताना "ते 'इमिजिएट' रंजिताने घातलं" असं दोनदा म्हणाला.

"रंजिताने घातलं, आणि तू काय केलंस?" इनेजने विचारलं.

"हरकत नाही म्हटलं."

इनेजने गॅस बंद केला. मग म्हणाली, "लोकांकडून जमव ना. ग्रुपवर टाक."

"इथे परवान्याशिवाय पैसे गोळा करता येत नाहीत, इनेज. तुला माहीत आहे. म्हणून तर महासंघाचा फंड."

"मग आपण देऊ."

ॲल्फ्रेडने याचा विचार गाडीतच केला होता. पैसे होते. पण ते मुलीच्या, रोशेलच्या कॉलेजच्या फीचे होते आणि या महिन्यात भरायचे होते. आतल्या खोलीतून रोशेल ओरडली, "डॅड, इज लंच रेडी ऑर नॉट?" ॲल्फ्रेडने इनेजकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"आधी पत्र पाठवतो," तो म्हणाला. "उत्तरं येऊ देत."

इनेज आत निघून गेली. तिने त्याचं ताट वाढलं नाही.

पत्र त्याच संध्याकाळी गेलं. त्यात ॲल्फ्रेडने स्पष्ट लिहिलं की अर्ज आपल्याला ठाऊक होता आणि बैठकीत आपण तो लपवला. 'लपवला' हा शब्द तीनदा खोडून त्याने पुन्हा लिहिला होता. बहरीन आणि कुवेतने मंगळवारी होकार कळवला. रंजिता सामंतांनी हॉस्पिटलची कागदपत्रं मागवली आणि खाली लिहिलं, 'तुम्ही सांगितलं असतं तर मी तो मुद्दा काढलाच नसता.' सौदीचं उत्तर आलेलं नाही. तय्यबने एकच ओळ लिहिली: 'आम्ही तयार, पण मग तुमची एकोणीसशे माणसं पुन्हा मोजा आणि त्यांचे पैसे भरा.' ते भरायचे की नाही, हे अमिरातीच्या कार्यकारिणीने ठरवायचं आहे. मनोरमाताईंनी ती बैठक शनिवारी बोलावली आहे.

हॉस्पिटलने दगडूला सांगितलं आहे की सोमवारपर्यंत पेशंट हलवा.

बुधवारी दगडूचे दोन फोन आले. ॲल्फ्रेडने ते वाजू दिले. गुरुवारी दुपारी मेसेज आला: 'साहेब रोशनची बायको तारीक विचारते काय सांगू.' मेसेज वाचला गेल्याची खूण दगडूच्या फोनवर दिसते आहे. उत्तर गेलेलं नाही.