खैरदऱ्याच्या चार विहिरींचं चित्र

या, जरा पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या. आवाज काही फार लांब जायचा नाही, आणि आज साथीला पेटीही नाही. सांगणार आहे ती एका चित्राची गोष्ट. चित्रातले आकडे खरे, काढणारा माणूस देवाला भिऊन चालणारा, आणि तरी त्या चित्रानं भर ग्रामसभेत उलटी साक्ष दिली. ती कशी दिली आणि मग कशी फिरवून घ्यावी लागली, ते ऐका.

नगरहून नेवाशाकडं जाताना डोंगराच्या कडेला खैरदरा लागतं. गावात पिण्याच्या पाण्याच्या विहिरी चार: गावठाणातली, मळ्यातली, धनगरवस्तीवरची आणि बुद्धवस्तीवरची. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला नगरच्या एका पाणलोट संस्थेनं हे गाव कामाला घेतलं होतं, आणि दर महिन्याला या विहिरी मोजायचं काम आमोस मास्तरांकडं होतं. मास्तर केडगावचे. शाळेतून निवृत्त झालेले. रविवारी चर्चमध्ये कीर्तन करायचे. अंगात साधा पांढरा सदरा, हातात झांजा, आणि एकदा आख्यान रंगलं की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसायच्या आणि मागची तरुण मंडळी घड्याळ बघायचं विसरायची.

विहीर मोजायची रीत साधी. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, काठावरून खाली सोडायचं, पाण्याला टेकलं की काठाशी आकडा वाचायचा. म्हणजे तो आकडा पाण्याचा नव्हे. काठापासून पाणी किती खाली गेलंय, त्याचा. आकडा मोठा तितकं पाणी पाताळात. मास्तरांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात कुणाला समजावून सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांच्या मनातही यायचं नाही.

त्या उन्हाळ्यात विहीर खोल करणारी टोळी संस्था एकाच विहिरीसाठी देणार होती. कोणत्या, ते गावानं ठरवायचं. बुद्धवस्तीची विहीर सगळ्यांत आधी आटायची. ती आटली की वस्तीवरच्या बायांनी मळ्यातल्या विहिरीवर जायचं, आणि तिथं कुणी नाही म्हणत नसे, फक्त 'आमचं होऊ द्या आधी' म्हणत. ते आधी होता होता ऊन डोक्यावर यायचं. मास्तर टेप सोडायला गेले की वस्तीवरची चांगुणाबाई काठाशी येऊन उभी राहायची. दर महिन्याला मोजून नेता ते कुणाला सांगता तरी का, असं तिनं एकदा विचारलं. सभेत सगळ्यांपुढं सांगीन, असा मास्तरांनी शब्द दिला.

शब्द दिला तो असा कागदावरचा कोरडा आकडा वाचून पाळायचा नाही, हे मास्तरांना कीर्तनानं शिकवलं होतं. लोकांना दिसलं पाहिजे. संस्थेत नुकताच कॉम्प्युटर आला होता, आणि तो चालवायची सिल्व्हिया. ती मास्तरांच्याच चर्चमधली, कीर्तनाला पेटीवर बसणारी. तिनं चार विहिरींचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले आणि चित्र काढायची खिडकी उघडली. तिथं चित्रांच्या जाती मांडून ठेवलेल्या, बांगड्यांच्या दुकानात असाव्यात तशा.

मास्तरांचं मन लगेच त्या गोल चित्रावर बसलं. भाकरीसारखं गरगरीत, चार रंगांचे चार तुकडे. सिल्व्हियानं काढून दाखवलंही. पण म्हणाली की काका, हे एकाच वस्तूचे वाटे दाखवायला असतं. चार विहिरींची खोली एकत्र केली तर त्याचं होतं काय? आणि गावात नेलं तर लोक म्हणतील पाण्याची वाटणी केली, कुणाला मोठा तुकडा, कुणाला चतकोर. मास्तरांनी जरा नाखुशीनंच भाकरी बाजूला ठेवली. मग रेघेचं चित्र निघालं. गावठाणापासून निघालेली रेघ मळ्यात, तिथून धनगरवस्तीवर, तिथून बुद्धवस्तीवर. एक विहीर काही चालत दुसरीकडं जात नाही, असं मास्तर स्वतःच म्हणाले. रेघ महिन्यामागून महिना दाखवायची झाली तर ठीक.

राहिले उभे स्तंभ. प्रत्येक विहिरीला एक. शेजारीशेजारी उभे केले की कमीजास्त आंधळ्यालाही कळेल, यावर दोघांचं एकमत झालं. बुद्धवस्तीचा स्तंभ सगळ्यांत उंच आला. बघून मास्तरांना बरं वाटलं. कागदाचे तुकडे छापून, डिंकानं जोडून, स्केचपेननं रंगवून त्यांनी चांगली दाराएवढी गुंडाळी केली.

सभा शाळेच्या पडवीत भरली. सरपंच सूर्यभान मध्ये, मळ्याकडचे लोक उजव्या हाताला, बाया खांबापलीकडं. मास्तरांनी गुंडाळी उलगडून भिंतीला लावली, आणि बोलायला तोंड उघडणार तोच मळ्यातला गोरक्ष म्हणाला,

"मास्तर, ही बुद्धवस्ती तर पान्यात पव्हतीय की."

पडवी हसली. मास्तरांनी समजावून सांगितलं, की हे पाणी नव्हे, पाण्यापर्यंतचं अंतर आहे, उंच स्तंभ म्हणजे पाणी खोल. लोकांनी माना हलवल्या. पण सांगणं कानावरून गेलं आणि चित्र डोळ्यांत राहिलं. मळ्याचा स्तंभ बुटका, वस्तीचा आढ्याला पोचलेला. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. आता त्यांचा आवाज कीर्तनातल्यासारखा चढला होता, तरी उपयोग होईना.

सूर्यभान काही वाईट माणूस नव्हता. तो इतकंच म्हणाला, "चित्र तुमीच आनलं, मास्तर, आन् तुमीच म्हनता उलटं बघा. मंग आमी काय शीर्षासन करून बसावं?"

पुन्हा हशा झाला, आणि त्या हशातच मळ्याच्या विहिरीचं नाव दोघातिघांनी घेतलं. ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात खांबापलीकडून चांगुणाबाई उठून पुढं आली. सरपंचाकडं तिनं बघितलंच नाही, सरळ मास्तरांपुढं उभी राहिली.

"जय भीम, मास्तर. तुमी मोजलं ते खरं हाय, मी काठाला हुते. पर ह्या कागदावर तुमी आमचं पानी वाढवून ठिवलंया. आता वस्तीवर जाऊन ते शेंदायचं कुनी?"

कुणी हसलं नाही. मास्तर भिंतीवरचा कागद उतरवू लागले. सूर्यभाननं दोघांकडं बघितलं आणि ग्रामसेवकाला टोपण लावायला सांगितलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसू, म्हणाला, मास्तरांचं आधी मास्तरांनाच कळू द्या.

एस.टी.त मास्तरांनी केडगावपर्यंत गुंडाळी मांडीवरच धरून ठेवली. आकडा चुकला असता तर बदलता आला असता. आकडा चुकलेला नव्हता.

शनिवारी चर्चमध्ये उद्याच्या कीर्तनाची तालीम होती. उन्हाळा बघून मास्तरांनी आख्यान धरलं होतं ते बायबलातल्या, भावांनी कोरड्या विहिरीत सोडलेल्या पोराचं. सिल्व्हियानं पदाला नवी चाल बसवली होती, गोड होती, पाय आपोआप ठेका धरायचा. पण 'खाली सोडिला' या शब्दांवर ती चाल चढत चढत वरच्या सा-ला जाऊन भिडायची. मास्तरांनी झांजा थांबवल्या.

"पोरगं विहिरीत चाललंय गं, आणि तू त्याला माळवदावर चढवतेस."

"चाल चांगली आहे पण, काका."

"चांगलीच आहे. शब्दही बरोबर आहेत. वाट तेवढी चुकली. खाली जायचं ते वर गेलं."

सिल्व्हियाचा हात पेटीच्या भात्यावरच राहिला. मास्तर पुढचं कडवं सांगायला लागले होते, पण तिचं लक्ष नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "आपले स्तंभ."

तालीम पुढं झाली ती नावाला.

सोमवारी ऑफिस उघडल्याबरोबर दोघं कॉम्प्युटरपुढं बसली. सिल्व्हियानं आधी स्तंभ आडवे पाडून बघितले. आडवी विहीर कुणी पाहिलीय, म्हणून ते पुसले. मग तिनं पुन्हा उभे स्तंभ घेतले आणि प्रत्येक आकड्याच्या आधी वजाची खूण घातली. स्तंभ उलटले आणि वरच्या रेघेला लटकले. विहिरींची नावं स्तंभांवरच येऊन बसली होती, ती तिनं रेघेच्या वर सरकवली. मास्तर बघत होते, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

मोजलं होतं ते वजा नव्हतं, ते म्हणाले. खूण घातली तर खोटं नाही ना व्हायचं? सिल्व्हियानं समजावलं की काठ म्हणजे शून्य, आणि काठाच्या खालचं सगळं वजाच. आपण आधी काठ तळाला नेऊन ठेवला होता, खोटं असलं तर ते होतं. मास्तरांना पटलं. छापल्यावर मात्र कागदावरच्या वजाच्या खुणा त्यांनी व्हाइटनरनं एकेक करून झाकल्या. गावात त्या खुणांवरून वेगळीच चर्चा निघाली असती.

शुक्रवारी पडवी जास्त भरली होती. मास्तरांनी कागद भिंतीला लावला आणि बाजूला होऊन खाली बसले. त्यांनी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि कीर्तनकाराला ते किती जड जातं हे कीर्तन करणाऱ्यालाच विचारावं. पुरुष लांबूनच बघत राहिले. बाया मात्र उठून कागदाशी गेल्या. धनगरवस्तीवरची आक्काबाई पुढं झाली, तिनं वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ह्यो काठ," ती म्हणाली. मग बोट आपल्या वस्तीच्या स्तंभावरून खाली ओढत नेलं. "आन् ह्यो आमचा दोर."

शेजारी मळ्याचा स्तंभ आखूड. त्यावरून बोट फिरवायला तिला हातही लांब करावा लागला नाही. मग ती बुद्धवस्तीच्या नावाखाली आली. बोट खाली, आणखी खाली जाऊ लागलं, ती वाकली, शेवटी उकिडवी बसली.

"हिचा दोर तर भुईला टेकला की गं."

गोरक्ष उठून कागदाशी आला. त्यानं विचारलं, मागल्या टायमाला हेच आकडं हुतं का? हेच होते, मास्तर म्हणाले.

"मंग तवा पानी वर कसं चढलं हुतं?"

"मी चढवलं होतं, गोरक्षराव."

गोरक्ष मळ्याच्या विहिरीसाठी थोडा वेळ कुरकुरला, आणि ते खरंही होतं. मळ्यालाही चैत्रानंतर पाणी पुरत नसे. पण त्याच्या मागं बसलेल्या बायांनी त्याला साथ दिली नाही. रोज दोर ओढणाऱ्या हातांना त्या कागदाचं भाषांतर करून सांगावं लागलं नव्हतं. सूर्यभाननं ग्रामसेवकाला खूण केली. ठराव बुद्धवस्तीच्या विहिरीचा झाला, मळ्याचा पुढच्या वर्षी असं तोंडी ठरलं.

टोळी वैशाखात आली. खडक चिवट निघाला, काम रेंगाळलं, आणि मग एका कडेनं झरा लागला. फार मोठा नव्हे. वस्तीपुरता.

चांगुणाबाईनं ते पाणी काही वर्षं शेंदलं, आता ती नाही. आपल्या चर्चच्या मंडळीतली ती नव्हती. तिच्या घरात बुद्धवंदना व्हायची. पण आपल्या बाजूनं बोलायला आलेल्या माणसाला, सगळं गाव हसत असताना, तुमचं चित्र आमच्यावर उलटलं असं तोंडावर सांगणं सोपं नसतं. ती गप्प बसली असती तर ठराव त्याच दिवशी दुसऱ्या नावानं लिहून झाला असता, आणि मास्तरही आपण शब्द पाळला असं समजून घरी गेले असते. तेव्हा आज घरी जाल, दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागून तिचंही एक नाव घ्या. खैरदऱ्याची चांगुणाबाई.